धाकट्या भावाचे सहा हजारांचे बूट

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

सप्रेम नमस्कार. मी सेलू तालुक्यातील शेतकरी आहे. वय २९. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे माझे शिक्षण थांबले, पण धाकट्याला शिकवायचेच असे आम्ही ठरवले होते. तो छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांसोबत खोली करून राहतो. आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन आणि कापूस घेतो. मी त्याला दर महिन्याला ७,००० रुपये पाठवतो. खोलीभाडे, मेस आणि वरखर्च त्यात भागायचा. गेल्या वर्षापासून मात्र महिना संपायच्या आधीच फोन येतो. दिवाळीला आला तेव्हा पायात ६,००० रुपयांचे बूट, कानात वायरलेस इअरबड आणि केस सरळ करून घेतलेले. मी म्हणालो, 'तुझे बूट म्हणजे आपले एक क्विंटल सोयाबीन आहे,' तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दिवसभर इन्स्टाग्रामवर कपडे, बूट, बाईक आणि कॅफे दाखवणाऱ्या पोरांचे रील पाहतो. मागच्या महिन्यात मला एका कर्जाच्या ॲपकडून वसुलीचा फोन आला. भावाने १०,००० रुपये घेतले होते, हातात ८,८०० आले आणि तीन महिन्यांनी ११,४०० एकरकमी भरायचे होते. वडिलांना यातले काही माहीत नाही. विचारले तर म्हणतो, 'तिथं कसं राहावं लागतं ते तुला काय माहीत?' पहिल्या वर्षी मेसमधली मुले त्याच्या चपलांना आणि बोलण्याला हसतात असे तो एकदा म्हणाला होता, पण तो विषय तेवढ्यावरच राहिला. आता स्वतःच इन्फ्लुएन्सर होणार म्हणतो आहे. त्याचे पैसे बंद करावेत, फोन काढून घ्यावा की सरळ गावी परत आणावे?

— एक मोठा भाऊ, जि. परभणी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही उपायांना माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे पुढे येतीलच. मात्र त्याआधी कर्जाचा विषय हातावेगळा करू, कारण बाकीच्या गोष्टींना काही महिने लागले तरी चालतील, व्याजाला तेवढा धीर नसतो.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशेब मांडला तर भावाने प्रत्यक्षात ८,८०० रुपये वापरले आणि तीन महिन्यांनी त्यावर २,६०० रुपये जास्तीचे द्यायचे ठरले. हा दर महिन्याला जवळजवळ शेकडा दहा पडतो आणि वर्षाचा धरला तर ११८ टक्क्यांच्या आसपास जातो. गावातल्या सावकाराने शेकडा पाच सांगितले तरी आपण ओसरीवरून उठून येऊ. पण सावकाराकडे जाताना चारचौघे पाहतात, तारण मागितले जाते, घरात विषय निघतो, आणि या अडथळ्यांमुळेच माणूस हात पसरण्याआधी एकदा तरी विचार करतो. ॲपने ते सगळे अडथळे काढून टाकले आहेत. मध्यरात्री खोलीत पडल्या पडल्या, कोणाचेही तोंड न पाहता पैसे खात्यात येतात, आणि प्रोसेसिंग फीच्या नावाखाली मोठी रक्कम आधीच कापून घेतलेली असल्याने व्याजाचा आकडा कागदावर लहानच दिसतो.

डिजिटल कर्जाबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र करण्यात आले. त्यांनुसार ॲप हे केवळ मध्यस्थ असते. मागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था असावी लागते, सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे विवरण कर्जापूर्वी द्यावे लागते, आणि कर्जदाराच्या फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे किंवा कॉलच्या नोंदी ॲपला पाहता येत नाहीत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यासही मनाई आहे. म्हणून तुमचा नंबर त्याने स्वतः दिला होता का, एवढे भावाला आधी विचारा. दिला नसेल तर तो त्याच्या फोनमधून उचलला गेला असण्याची शक्यता आहे आणि ते तक्रारीचे कारण आहे. नियमनाखालील संस्थांच्या कर्ज ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तीत हे ॲप असेल तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते, ज्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. ॲप यादीत नसेल, धमक्या येत असतील किंवा फोटोत फेरफार करून ते पसरवण्याची भाषा होत असेल तर मात्र थेट १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात जावे. तुम्ही जामीनदार म्हणून कोठेही संमती दिलेली नसेल तर हे कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही, हेही वसुलीवाल्याला शांतपणे सांगून टाका.

संस्था खरी असेल तर कर्ज एकदाचे फेडून मोकळे व्हा. पैसे संस्थेच्या अधिकृत मार्गानेच भरावेत. एजंटने पाठवलेल्या खासगी यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही टाकू नये, आणि भरणा झाल्यावर कर्ज निरंक असल्याचा दाखला मागून घ्यावा. हे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून कर्ज घेण्याचा मोह भावाला होईल, किंबहुना झालाही असेल. एका ॲपच्या मागे आणखी दोन ॲप लपलेली असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून त्याचे बँक खात्याचे सहा महिन्यांचे विवरण दोघांनी मिळून पाहा. सिबिलसारख्या पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो काढला की सर्व नोंदलेली कर्जे एका ठिकाणी दिसतात. पुढे त्याला एम.एस्सी.साठी किंवा एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शैक्षणिक कर्ज लागले तर बँक हाच अहवाल उघडणार आहे, ही गोष्ट त्याला सांगा. ती त्याला उपदेशापेक्षा लवकर कळेल.

ही रक्कम तुम्ही भरलीत तरी ती माफ करू नका. बिनव्याजी उसनवार म्हणून वहीत लिहा आणि वर्षभरात फेडायची मुदत द्या. विद्यापीठात आणि बऱ्याच महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत तासाच्या हिशेबाने काम मिळते. मोबदला फार नसतो, परंतु महिन्याचा हप्ता निघावा एवढा नक्कीच मिळू शकतो.

आता मूळ विषयाकडे येतो. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेला आहात, आणि ते म्हणजे मेसमधली मुले त्याच्या चपलांना आणि बोलण्याला हसत होती हे. इन्स्टाग्रामच्या आधी हे घडलेले आहे. अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा घर सोडून शहरात येतो, बेगमपुरा किंवा टीव्ही सेंटरच्या बाजूला कोठेतरी खोली घेतो, ताटावर बसतो आणि त्याच्या पायांकडे पाहून चार जण हसतात. या प्रसंगाचे काय करायचे हे त्याला घरातल्या कोणी सांगितलेले नसते, कारण घरातल्या कोणावर तो प्रसंग अशा प्रकारे आलेलाच नसतो. त्याच रात्री तो फोन उघडतो, तेव्हा त्याच्याच वयाचा, त्याच्याच भाषेत बोलणारा एक मुलगा त्याला सांगत असतो की ९९९ रुपयांत कॉलेजचा पूर्ण पोशाख कसा जमवावा, केस कसे ठेवावेत आणि मुलाखतीला जाताना कोणते बूट घालावेत. प्रश्न त्याचा, उत्तर रीलमध्ये, आणि तेही कोणी हसत नसताना मिळालेले. तुमच्या भावाने बूट घेतले तेव्हा तो उधळपट्टी करत होता असे मला वाटत नाही. आपण गावाकडचे दिसू नये यासाठी त्याने ती किंमत मोजली. किंमत जास्त होती आणि ती दुसऱ्याच्या घामातून गेली, हे दोन्ही खरे आहे. परंतु दुखणे ओळखले नाही तर औषध चुकते आणि घरात भांडण तेवढे वाढते.

माणूस स्वतःची तुलना कोणाशी करतो यावर लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सिद्धांत मांडला आणि त्यातील एक मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो: आपण आपल्यासारख्याच माणसाशी स्वतःला ताडून पाहतो. मुंबईतल्या एखाद्या नटाची गाडी पाहून सेलूच्या मुलाला कमीपणा वाटत नाही, कारण ती दुनियाच वेगळी असते. पण जिंतूर किंवा माजलगावकडचा एखादा मुलगा संभाजीनगरच्या निराला बाजारात किंवा कॅनॉटमध्ये उभा राहून 'भावांनो, आजचा लूक कसा वाटला?' असे विचारतो, तेव्हा 'हा असा राहू शकतो तर मी का नाही' हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच लाखो अनुयायी असलेल्या मोठ्या नावांपेक्षा जिल्ह्यापुरते प्रसिद्ध असलेले इन्फ्लुएन्सर विद्यार्थ्यांच्या खिशाला अधिक जड जातात असे माझे मत आहे, आणि गुलमंडी किंवा पैठण गेटच्या दुकानदारांना हे आपल्यापेक्षा आधी कळले असावे. त्याच दशकात, १९५६ मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या निवेदकांबद्दल लिहिले होते की प्रेक्षकाला त्यांच्याशी आपली ओळख आहे असे वाटू लागते, जरी ती ओळख एकाच बाजूने असते. रीलवरचा मुलगा तर रोज सकाळी उठल्यापासून भेटतो, आईच्या हातची भाकरी दाखवतो, ब्रेकअपचे दुःख सांगतो, टिप्पणीला उत्तर देतो. अशा 'मित्रा'ने सांगितलेली वस्तू ही जाहिरात वाटत नाही.

त्या मित्राची कमाई मात्र भावाला दिसत नाही आणि ती दाखवणे हे तुमचे काम आहे. रीलवर दिसणारे बूट बहुतेक वेळा विकत घेतलेले नसतात. कंपनी किंवा दुकान वस्तू फुकट देते आणि बदल्यात रील मागते, किंवा ठरावीक रक्कम देते, किंवा सवलतीचा कोड देऊन त्या कोडवर झालेल्या प्रत्येक विक्रीमागे कमिशन देते. वर्णनाखाली दिलेल्या लिंकवरून खरेदी झाली तरी तिचा वाटा त्याला मिळतो. कित्येकदा कपडे चित्रीकरणापुरते आणून परत केले जातात. ही काही दडलेली गोष्ट नाही. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की व्यवसायाच्या ओघात एखाद्याला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त मूल्याचे लाभ किंवा वस्तू दिल्या तर देणाऱ्याने १० टक्के कर कापावा, आणि समाज माध्यमावर प्रचारासाठी दिलेली वस्तू त्या माणसाने स्वतःकडे ठेवली तर तीही यात मोजली जाते. परत केली तर मोजली जात नाही. सरकार ज्याला उत्पन्न समजते त्याला तुमचा भाऊ राहणीमान समजतो आहे. त्या मुलाच्या पायातले बूट ही त्याची आवक आहे, तेच बूट तुमच्या भावाच्या पायात खर्च होऊन येतात.

जाहिरात आहे हे सांगण्याचे बंधनही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की पैसे, फुकट वस्तू, सहल किंवा अन्य कोणताही लाभ घेतला असेल तर ते साध्या भाषेत आणि सहज नजरेस पडेल असे सांगावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात 'पेड पार्टनरशिप' किंवा 'कोलॅब' अशी बारीक अक्षरे कोपऱ्यात असतात, तर लहान पातळीवरचे अनेक जण तेवढेही लिहीत नाहीत. फसवणूक झाली असेल, म्हणजे दाखवली एक वस्तू आणि आली दुसरी, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पुढच्या वेळी भाऊ घरी आला की त्याच्या शेजारी बसून त्याला आवडणारे रील बघा. 'हे काय भिकार पाहतोस' असे तोंडातून निघाले की बैठक संपली म्हणून समजा. त्याऐवजी प्रत्येक रीलला एवढेच विचारा की यात पैसे कोणी कोणाला दिले असतील. बी.एस्सी.चा मुलगा आहे. अर्ध्या तासात तो तुम्हालाच शिकवू लागेल. ज्या रीलवर आपण थांबतो तशीच आणखी रील ॲप समोर आणते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगले माहीत असणार; फक्त तो नियम बुटांच्या बाबतीत स्वतःला लावून पाहिलेला नसतो.

हे झाले बाहेरचे. घरातला जो भाग आहे तो मी थोडा स्पष्टपणे मांडणार आहे, राग मानू नका. मराठवाड्यातल्या शेकडो घरांत शिकणाऱ्या मुलाला एकच वाक्य सांगितले जाते: 'तू फक्त अभ्यास कर, पैशाची काळजी करू नको.' त्यामागची माया मला कळते. परंतु या वाक्याचा परिणाम असा होतो की पीक कर्ज किती आहे, आईच्या बचत गटाचा हप्ता किती, खताची उधारी कोणाकडे, गेल्या हंगामात एकरी उतारा किती पडला, यातले काहीही त्या मुलाला ठाऊक नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्यात गेली, तेव्हाही बाहेरगावी असलेल्या कित्येक मुलांना घरून 'थोडं नुकसान झालं' एवढेच सांगितले गेले असेल. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ७,००० रुपये येतात, म्हणजे घर ठीक चालले आहे, असा त्याने अर्थ लावला तर त्यात त्याचा दोष किती? एकीकडे रीलवरचा मुलगा आपला सगळा खर्च उघड करून दाखवतो, आणि दुसरीकडे घर आपला सगळा हिशेब झाकून ठेवते. मग विद्यार्थ्याला ज्या जगाची माहिती जास्त आहे त्या जगाप्रमाणे तो वागतो.

तुमचे सोयाबीनचे गणित बरोबर होते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे आणि बाजारात तेवढाही पडेल याची खात्री नसते, म्हणजे बूट एका क्विंटलपेक्षा महागच पडले. पण ते गणित तुम्ही पहिल्यांदा सांगितले ते दिवाळीच्या दिवशी आणि टोमणा म्हणून. तोच हिशेब त्याला जूनमध्ये, बियाणे आणि खत घेताना, बरोबरीने बसवून दाखवला असता तर बुटांच्या दुकानात तो त्याला आपोआप आठवला असता. वही काढा. वर्षाची आवक एका बाजूला, पेरणीपासून मळणीपर्यंतचा खर्च, कर्जाचे हप्ते, आईवडिलांचे दवाखाने आणि त्याचे वर्षाचे ८४,००० रुपये दुसऱ्या बाजूला लिहा. लिहायचे काम त्यालाच द्या. रडकथा सांगू नका, आकडे बोलू द्या, आणि वही त्याच्या हातात असताना तुम्ही गप्प राहा.

याच्याच जोडीला घरची काही कामे त्याच्याकडे कायमची सोपवा. फोन काढून घेण्याला माझा विरोध आहे तो यासाठीही. कॉलेजच्या सूचना, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा ओटीपी हे सगळे त्याच फोनवर येते, तो काढून घेतला तर शिक्षणच अडते आणि चोरून दुसरा फोन येतो. उलट त्या फोनवरून ई-पीक पाहणीची नोंद तुमच्याबरोबर शेतात उभे राहून त्याने करावी, पीक विम्याची तारीख त्याने लक्षात ठेवावी, हमीभाव खरेदी केंद्राची नोंदणी त्याने करावी आणि सेलू, परभणी, जिंतूर या बाजार समित्यांचे भाव पाहून माल कधी काढायचा याबद्दल मत द्यावे. ते मत चुकले तरी एकदा ऐका. घराच्या व्यवहारात ज्याचे मत विचारले जाते त्याला मेसमधल्या हसण्याचा त्रास कमी होतो, असे मी या सदराच्या निमित्ताने आलेल्या पत्रांतून पाहिले आहे.

दरमहाच्या पैशांबद्दल: रक्कम कमी करू नका, कारण संभाजीनगरमध्ये खोली आणि दोन वेळचा डबा यांनंतर ७,००० रुपयांत फारसे उरत नाही आणि ती कात्री शेवटी जेवणाला लागते. खोलीवाल्याला आणि मेसवाल्याला तुम्ही परस्पर पैसे देण्याचा विचार कराल, तोही सोडून द्या. वीस वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत नादान ठरवल्यासारखे होईल. त्याऐवजी वरखर्चाचा आकडा दोघांनी मिळून ठरवा, आणि त्यात मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी, महिन्यातून एखादा चहा-कॅफे आणि वर्षातून एकदा बरे कपडे यांची तरतूद मोकळ्या मनाने ठेवा. नीटनेटके दिसण्याची इच्छा हा गुन्हा नाही. मुलाखतीला आणि प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला त्याचा उपयोगही होतो. हजार रुपयांवरची कोणतीही वस्तू पाहिल्या दिवशी घ्यायची नाही, आठ दिवसांनी घ्यायची, एवढा एक नियम त्याने स्वतः घालून घ्यावा, आणि 'आता घ्या, नंतर पैसे द्या' ही सोय फोनमधून बंद करावी.

बुटांपेक्षा मला भीती वाटते ती वेगळ्याच दोन प्रकारच्या रीलची, ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण तुम्ही चौकशी मात्र करा. पहिला प्रकार ट्रेडिंगचा. मोबाइलवर हिरवे आकडे दाखवून 'कॉलेज करता करता महिन्याला पन्नास हजार' असे सांगणारे आणि त्याचे क्लास विकणारे पुष्कळ आहेत. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या पुढील भावांवरच्या सौद्यांमध्ये, व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तो सरासरी दोन लाख रुपयांच्या घरात होता. दुसरा प्रकार पैसे लावून खेळायच्या खेळांचा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ आणि त्यांची जाहिरातही बंद केली आहे, त्यामुळे आजही कोणी त्यांची लिंक देत असेल तर तो बेकायदा धंदाच आहे. १०,००० रुपयांचे कर्ज केवळ कपड्याबुटांवर गेले की यात काही अडकले आहे, हे खात्याचे विवरण पाहताना कळेल.

आता त्याच्या इन्फ्लुएन्सर होण्याबद्दल. हसू नका. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले; तेव्हापासून आपल्या भागातली शेतीची कामे, बाजारभाव, आपल्या बोलीतले विनोद दाखवून नाव आणि थोडेफार पैसे मिळवणारी मुलेमुली खरोखर आहेत. परंतु त्याने नियम वाचावेत. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी दर्शने लागतात, आणि हा उंबरठा ओलांडल्यावर उत्पन्नाची केवळ सुरुवात होते. हातात असलेल्या फोनवर, कॉलेज सांभाळून, त्याला जे येते त्यावर वर्षभर व्हिडिओ करून पाहावेत. त्यासाठी नवा फोन, लाइट किंवा बूट यांकरिता घरातून किंवा ॲपवरून पैसे मिळणार नाहीत, एवढी अट घाला. मला विचाराल तर बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल मराठीत समजावणाऱ्या मुलाला पाहणारे मराठवाड्यात भरपूर मिळतील, बुटांचे रील करणारे तर प्रत्येक गल्लीत आहेत.

कर्जाच्या ताणामुळे तो नीट झोपत नसेल, जेवत नसेल किंवा जीव नकोसा झाल्यासारखे बोलत असेल तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ जा. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. फोनवर चौकशी करण्यापेक्षा पहिल्या गाडीने संभाजीनगरला जाऊन त्याच्या खोलीवर एक मुक्काम केलेला बरा. खोली, मेस आणि मित्र डोळ्यांनी पाहिलेत की 'तिथं कसं राहावं लागतं' या त्याच्या प्रश्नाचे तुमच्याकडेही काही उत्तर असेल.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांच्यापासून हे कायमचे लपवू नये, कारण लपवण्यानेच हे प्रकरण येथवर आले आहे. पण तुम्ही सांगू नका. कर्ज फिटल्यावर आणि उसनवारीचा पहिला हप्ता तुमच्या हातात पडल्यावर त्यानेच घरी येऊन सांगावे, आणि तुम्ही शेजारी बसावे. वडील चिडतील, कदाचित शिक्षण बंद करण्याची भाषा करतील. त्या क्षणी भावाची बाजू घेऊन वाद घालू नका, वडिलांना बोलू द्या. दुसऱ्या दिवशी शेतात दोघेच असताना मेसमधली गोष्ट त्यांना सांगा आणि पुढच्या सत्राची फी भरायची तारीखही सांगून ठेवा.